सल्ला सदर : बेचाळिसाव्या वर्षी सुरू झालेली कारकीर्द आणि दोन वाक्यांची भूमिका

पत्राचा सारांश

शिकागोजवळच्या एका उपनगरात राहणाऱ्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा सारांश देत आहे. त्या त्रेचाळीस वर्षांच्या आहेत, रुग्णालयात परिचारिका आहेत आणि गेली अनेक वर्षे महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांत आणि एकांकिकांत काम करत आल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी अभिनयाचे रीतसर वर्ग केले, स्थानिक एजंट मिळवला आणि शिकागोत चित्रित होणाऱ्या मालिकांत त्यांना दोन लहान भूमिका मिळाल्या. दोन्ही भूमिका परिचारिकेच्याच होत्या आणि दोन्हींत मिळून जेमतेम पाच वाक्ये होती. एका ठिकाणी तर 'उच्चार जरा अधिक भारतीय करा' असे त्यांना सांगण्यात आले. आता लॉस एंजेलिसमधील एका मॅनेजरने 'इकडे या, तुमच्या वयाच्या भारतीय स्त्रियांना मागणी आहे' असे सुचवले आहे. मुलगी अकरावीत आहे, मुलगा आठवीत. पतीचा विरोध नाही, पण त्यांचा होकारही मनापासूनचा वाटत नाही. पुण्याचे नातेवाईक 'दोन वाक्यांसाठी एवढा खटाटोप?' असे विचारतात. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : 'कॅथरिन जूस्टन शिकागोत नर्स होत्या. बेचाळिसाव्या वर्षी अभिनयाकडे वळल्या आणि त्यांनी दोन एमी पुरस्कार मिळवले. डॉ. श्रीराम लागूंनीही बेचाळिसाव्या वर्षीच शस्त्रक्रियेची सुरी खाली ठेवली. मग मीच का थांबावे? की नर्सच्या दोन वाक्यांपुढे माझी मजल जाणार नाही, हे मान्य करून हा नाद सोडून द्यावा?'

उत्तर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आदर्श म्हणून तुम्ही जूस्टन यांची निवड केलीत, हे मला फार मोलाचे वाटते. अमेरिकी दूरचित्रवाणीत आघाडीच्या नायिकांची नावे सर्वांना ठाऊक असतात, पण मालिकेला जिवंतपणा देणाऱ्या चरित्र अभिनेत्रींची आठवण सहसा चेहऱ्यापुरतीच राहते. त्या गर्दीतून तुम्ही नेमकी अशी स्त्री शोधलीत की जिचा पेशा तुमचा आहे आणि जिचे शहरही तुमचेच आहे. तिच्या आयुष्याकडे आपण थोडे सावकाश पाहू या, कारण तुम्ही दिलेल्या एका वाक्याच्या सारांशात त्या आयुष्यातील सर्वांत उपयोगाचा भाग निसटून गेला आहे असे मला वाटते.

जूस्टन यांचा जन्म डिसेंबर १९३९ चा. शिकागोत त्या मनोरुग्ण विभागात परिचारिका होत्या. पुढे विवाह झाला, दोन मुलगे झाले, उपनगरातील गृहिणीचे आयुष्य सुरू झाले आणि १९८० च्या सुमारास घटस्फोट झाला. बेचाळिसाव्या वर्षी त्या अभिनयाकडे वळल्या हे खरे आहे, पण त्या वळल्या त्या हौशी रंगभूमीकडे. तुम्ही मंडळात जे करत आला आहात, साधारण त्याच पायरीवर. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे त्या शिकागोच्या परिसरात नाटके करत राहिल्या आणि पोटासाठी मिळतील ती कामे करत राहिल्या. १९९२ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, फ्लोरिडातील डिस्नेच्या मनोरंजन उद्यानात रस्त्यावर पर्यटकांपुढे पात्रे रंगवण्याची नोकरी त्यांनी धरली. १९९५ मध्ये त्या हॉलिवूडला गेल्या. तेथे 'फॅमिली मॅटर्स'सारख्या मालिकांत एखाद्या भागापुरती कामे मिळू लागली, मग 'धर्मा अँड ग्रेग'मध्ये अधूनमधून दिसणारी भूमिका मिळाली, आणि १९९९ मध्ये 'द वेस्ट विंग'मधील राष्ट्राध्यक्षांच्या सेक्रेटरी मिसेस लँडिंगहॅम ही भूमिका आली तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. पहिला एमी मिळाला २००५ मध्ये, दुसरा २००८ मध्ये, आणि दोन्ही 'डेस्परेट हाउसवाइव्ह्ज'मधील मिसेस मक्लस्की या खाष्ट पण मायाळू शेजारणीसाठी, पाहुण्या कलाकारांच्या विभागात.

म्हणजे बेचाळीस आणि एमी या दोन शब्दांच्या मध्ये तेवीस वर्षे आहेत. तुमच्या पत्रात ही वर्षे दिसत नाहीत, आणि त्यामुळे जूस्टन यांनी एक धाडसी उडी मारली आणि ती फळाला आली असे त्या आयुष्याचे चित्र तयार होते. स्वतः जूस्टन यांनी ते चित्र नाकारले होते. आयुष्याच्या मध्यावर मोठे स्थित्यंतर घडवणारी स्त्री म्हणून लोक आपल्याकडे पाहतात, पण स्वप्नांचा पाठलाग करण्याची कोणतीही मोठी योजना आपण कधी आखली नव्हती, अशा आशयाचे त्यांनी सांगितले आहे. त्यात नम्रता असेल, पण त्या विधानाचा अर्थ मला शब्दशः घ्यावासा वाटतो. हॉलिवूडला जाण्याआधी त्यांचे मुलगे मोठे झाले होते, रंगभूमीचा दीर्घ सराव झाला होता, आणि रस्त्यावर थांबायला तयार नसलेल्या माणसाला दोन मिनिटांत थांबवून ठेवण्याचे कसब अंगी आले होते. त्या हॉलिवूडला गेल्या त्या तेरा वर्षांनी.

डॉ. लागूंचा दाखलाही तुम्ही दिला आहे. १९६९ मध्ये त्यांनी वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्ण वेळ रंगभूमीला दिला हे खरेच. पण तोपर्यंत पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनमध्ये आणि नंतर मुंबईच्या 'रंगायन'मध्ये त्यांचे काम होऊन गेले होते. आणि याच मराठी रंगभूमीवर डॉ. मोहन आगाशेही आहेत, ज्यांनी 'घाशीराम कोतवाल'मधील नाना फडणवीस अजरामर केला, देशी-परदेशी चित्रपटांत चरित्र भूमिका केल्या आणि अभिनयासाठी मनोविकारतज्ज्ञाचा पेशा टाकला नाही. या दोघांपैकी एकाला धाडसी आणि दुसऱ्याला सावध म्हणावे असे मला वाटत नाही. तुमच्या पत्रात मात्र पहिलाच मार्ग खऱ्या कलावंताचा आणि दुसरा तडजोडीचा, असे गृहीत धरलेले जाणवते. नोकरी सोडली तरच आपण स्वतःला गंभीरपणे घेतो असे सिद्ध होते, हे तुम्हाला कोणी सांगितले? तुमच्या पतीने तर नक्कीच नाही, आणि कास्टिंग करणाऱ्यांना तुम्ही दिवसा काय करता याच्याशी काही देणेघेणे नसते. ही परीक्षा तुम्ही स्वतःच स्वतःपुढे मांडली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पाच वाक्ये, आणि तीही परिचारिकेची. तुम्हाला त्यात कमीपणा वाटतो, आणि नातेवाइकांच्या प्रश्नाने तो अधिक बोचतो. पण तुम्ही ज्यांना आदर्श मानता त्या जूस्टन यांच्या गाजलेल्या भूमिकांची यादी करून पाहा : एक सेक्रेटरी आणि एक शेजारीण. कथेच्या मांडणीत दोघीही कडेला उभ्या असणाऱ्या व्यक्ती. मिसेस लँडिंगहॅम यांचे काम राष्ट्राध्यक्षांच्या दालनाबाहेर बसणे, बरणीतील बिस्किटे कोणाला द्यायची ते ठरवणे आणि जगातल्या सर्वांत शक्तिमान माणसाला त्याच्या शाळकरी वयापासून ओळखत असल्याच्या अधिकाराने टोकणे, एवढेच कागदावर होते. मालिकेच्या पहिल्याच वर्षी नाताळच्या भागात त्या राष्ट्राध्यक्षांच्या तरुण मदतनिसाला सांगतात की वैद्यकीय शिक्षण घेणारे आपले जुळे मुलगे व्हिएतनाममध्ये १९७० च्या नाताळच्या आदल्या रात्री मारले गेले. शिक्षणाच्या सबबीवर त्यांना सैन्यभरती टाळता आली असती, पण डॉक्टरांची गरज आहे तेथे जायचे असे त्यांनी ठरवले होते.

हा प्रसंग तुम्ही पुन्हा पाहा, आणि या वेळी प्रेक्षक म्हणून न पाहता परिचारिका म्हणून पाहा. जूस्टन त्यात रडत नाहीत, आवाज चढवत नाहीत, सहानुभूती मागत नाहीत. वर्षानुवर्षे एखादी भयंकर गोष्ट बाळगलेला माणूस ती जशी सांगतो, तशी त्या सांगतात. मनोरुग्ण विभागात काम केलेल्या स्त्रीला असे बोलणे किती जवळून ऐकायला मिळाले असेल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक आहे. त्यांच्या अभिनयाचे मूळ केवळ त्या नोकरीत होते असा दावा मी करणार नाही. तसे म्हणणे त्यांच्या रंगभूमीवरील मेहनतीवर अन्याय होईल. पण अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर नातेवाइकांशी कसे बोलायचे, कोणत्या क्षणी गप्प राहायचे, दुःखातही माणूस चष्मा पुसण्यासारखी क्षुल्लक कृती कशी करत राहतो, हे तुम्ही रोज पाहता. पडद्यावर परिचारिकेची भूमिका करताना हे सारे बाजूला ठेवून तुम्ही 'अभिनय' करायला गेला होतात का, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो. तुमच्या पत्रात दोन्ही चित्रीकरणांबद्दल जे लिहिले आहे ते सारे वाक्यांच्या संख्येबद्दल आहे. ती परिचारिका कोण होती, तिची पाळी संपत आली होती की सुरू होत होती, तो रुग्ण तिचा कितवा होता, याबद्दल एक ओळही नाही.

चरित्र अभिनेत्रीचे काम म्हणजे मोठ्या भूमिकेच्या प्रतीक्षेतील मधला काळ, हेही गृहीतक तपासून पाहा. अभिनेत्री मार्गो मार्टिन्डेल यांचा जन्म १९५१ चा, टेक्सासमधला. त्यांनी लुईव्हिलच्या नाट्यसंस्थेत वर्षानुवर्षे काम केले, १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'स्टील मॅग्नोलियाज' या नाटकाच्या मूळ प्रयोगात ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या ट्रूव्हीची भूमिका त्यांनी केली, आणि त्याच नाटकाचा चित्रपट झाला तेव्हा ती भूमिका डॉली पार्टन यांना मिळाली. त्यानंतरची दोन दशके मार्टिन्डेल कुठे नन, कुठे शेजारीण, कुठे कोणाची आई झाल्या. २००४ च्या 'मिलियन डॉलर बेबी'त नायिकेच्या स्वार्थी आईच्या वाट्याला मोजके प्रसंग आहेत, पण चित्रपट संपल्यावरही त्या बाईचा राग विसरता येत नाही. 'जस्टिफाइड' या मालिकेतील मॅग्ज बेनेट या गुन्हेगार कुटुंबप्रमुख स्त्रीसाठी त्यांना २०११ मध्ये एमी मिळाला तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. आणि त्यानंतरही त्या पुष्कळशा सहायक भूमिकाच करत राहिल्या, 'द अमेरिकन्स'मधील क्लॉडियासाठी आणखी दोन एमी मिळाले तेही पाहुण्या अभिनेत्री म्हणून. पुरस्काराने त्यांचे काम बदलले नाही, ते काम अधिक प्रमाणात आणि अधिक चांगल्या लेखकांकडून मिळू लागले.

म्हणून ताई, तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न 'मी पुढे जाईन का' असा नाही, 'हे काम मला हवे आहे का' असा आहे. पहाटे चार वाजता उठून सेटवर जायचे, आठ तास गाडीत किंवा खोलीत वाट पाहायची, इतरांच्या कथेतील दीड मिनिट आपल्या ताब्यात घ्यायचे, अचूक जागी उभे राहायचे, आणि संपादनात आपला अर्धा भाग कापला गेला तरी पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढ्याच तयारीने ऑडिशन द्यायची. पुढील पंधरा वर्षे हेच चित्र राहिले, आणि मिसेस लँडिंगहॅमसारखी भूमिका कधीच आली नाही, तरी तुम्ही हे कराल का? जूस्टन यांना ती भूमिका येईल हे १९९१ मध्ये ठाऊक नव्हते. तुमचे उत्तर 'नाही' असेल तर त्यात लाज नाही. मग मंडळाच्या रंगमंचावर मोठ्या भूमिका करण्यात तुमचा आनंद असू शकेल, आणि तो आनंद दुय्यम दर्जाचा नाही.

उच्चारांबद्दल तुम्ही लिहिले आहे ते मात्र मी सहज बाजूला सारणार नाही. जूस्टन आणि मार्टिन्डेल या दोघी गोऱ्या अमेरिकी स्त्रिया. सेक्रेटरी असो की शेजारीण, त्यांना घेताना कोणाला कारण शोधावे लागले नाही. तुमच्या बाबतीत अनेकदा कारण शोधले जाते, आणि ते सापडले नाही की रुग्णालयाचा गणवेश पुढे केला जातो. ही अडचण तुमच्या मनाची नाही, ती बाहेरची आहे. पण त्यातही तुमच्या हातात काही आहे. 'अधिक भारतीय' असे सांगितले गेले तर 'ही व्यक्ती कोणत्या गावची, किती वर्षांपूर्वी येथे आली' असे शांतपणे विचारता येते. पुष्कळदा लेखकाने त्याचा विचारच केलेला नसतो, आणि तुम्ही सांगलीहून वीस वर्षांपूर्वी आलेल्या स्त्रीचे इंग्रजी दिलेत तर ते बहुधा स्वीकारले जाईल, कारण ते खरे वाटते. मार्टिन्डेल यांनी २००६ च्या 'पॅरिस, जे तेम'मधील एका लघुकथेत डेन्व्हरहून आलेल्या टपाल खात्यातील स्त्रीची भूमिका केली आहे. ती आपल्या जाड अमेरिकी उच्चारांच्या तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये सहलीचा वृत्तांत सांगते. सुरुवातीला हसू येते, आणि काही मिनिटांतच आपण त्या बाईचा एकटेपणा आणि आनंद यांच्यासमोर निःशब्द होतो. उच्चारांमागे पूर्ण माणूस उभा केला की ते उच्चार विनोदाचे साधन उरत नाहीत. जेथे तसे करू दिले जाणार नाही असे संहितेवरूनच दिसते, तेथे नकार द्यायचा, आणि कोणत्या प्रकारच्या भूमिका नकोत ते एजंटला आधीच लेखी कळवून ठेवायचे. आज तुम्हाला असा नकार देणे परवडते, ते तुमच्या पगारामुळे.

येथे हिशेबाची गोष्ट आली, आणि ती मी सविस्तर सांगते, कारण तुमच्यासारखी पत्रे लिहिणाऱ्या बहुतेक जणींच्या पत्रात ती नसते. कलाकारांच्या सॅग-आफ्ट्रा या संघटनेच्या करारानुसार बोलणारी भूमिका करणाऱ्याला एका दिवसाचे किमान मानधन २०२५ मध्ये सुमारे बाराशे डॉलर होते. त्यातून एजंटचे दहा टक्के आणि कर जातात. संघटनेच्या आरोग्य विम्यासाठी पात्र व्हायचे तर तेव्हा वर्षाला सत्तावीस हजार डॉलरहून अधिक कमाई लागत असे, म्हणजे पुनःप्रक्षेपणाचे पैसे बाजूला ठेवले तर किमान मानधनाचे बावीस-तेवीस दिवस. बाहेरून हा आकडा लहान वाटतो. पण तीन वर्षांत तुम्हाला मिळालेल्या दिवसांशी तो ताडून पाहा. संघटनेचे बहुसंख्य सदस्यही ही मर्यादा ओलांडत नाहीत. चौघांच्या घराचा विमा जर तुमच्या रुग्णालयाच्या नोकरीवर अवलंबून असेल, तर ती नोकरी सोडण्याचा निर्णय तुमच्या एकटीचा राहत नाही. विमा पतीच्या नोकरीतून मिळत असेल तर चित्र बरेच बदलते, आणि मग पूर्ण वेळ काम सोडून गरजेनुसार पाळ्या घेण्याची, म्हणजे 'पर डिएम'ची, व्यवस्था तुम्हाला खुली आहे. बारा तासांच्या तीन पाळ्या करून चार दिवस मोकळे ठेवता येणारे पेशे थोडे आहेत, आणि त्यांपैकी एक तुमच्या हातात आहे.

संघटनेचे सदस्यत्व घेण्याचीही घाई करू नका. बोलणारी भूमिका केल्यावर तुम्ही पात्र झाल्या असाल, पण प्रवेश शुल्क सुमारे तीन हजार डॉलर आहे, आणि सदस्य झाल्यावर संघटनेच्या कराराबाहेरील जाहिराती किंवा लघुपट करता येत नाहीत. तुमच्या टप्प्यावर अनुभव देणारी बरीचशी कामे तिथेच असतात. सदस्यत्व अनिवार्य होण्याचा क्षण आधीच आला आहे का, नसल्यास कधी येतो, हे एजंटला विचारा आणि तोवर काम वाढवा.

आता लॉस एंजेलिस. जूस्टन गेल्या तेव्हा तेथे जाण्यावाचून पर्याय नव्हता. त्या काळी मोठ्या वाहिनीवरील मालिकेचे वर्षाला बावीस-तेवीस भाग होत, प्रत्येक भागात एक शेजारीण, एक न्यायाधीश, एक वैतागलेली ग्राहक लागे, आणि कास्टिंग करणारी व्यक्ती त्या अभिनेत्रींना समोर बसवून निवडत असे. जूस्टन यांची शिडी त्या पायऱ्यांची होती. आज बऱ्याच मालिका आठ-दहा भागांत संपतात, चित्रीकरणाचा मोठा भाग अटलांटा, न्यूयॉर्क, कॅनडा अशा ठिकाणी गेला आहे, आणि पहिली ऑडिशन बहुधा घरी चित्रित केलेल्या सेल्फ-टेपवर होते. त्यातही महत्त्वाची बाब ही, की लहान भूमिका शक्यतो चित्रीकरण जेथे होते तेथील रहिवाशांना दिल्या जातात, कारण प्रवास आणि राहण्याचा खर्च निर्मात्याला करायचा नसतो. शिकागोत चित्रित होणाऱ्या वैद्यकीय आणि पोलिसी मालिकांसाठी तुम्ही स्थानिक आहात. लॉस एंजेलिसला गेलात तर हा फायदा तुम्ही स्वतःहून सोडून द्याल आणि तेथे हजारो अनुभवी अभिनेत्रींच्या रांगेत नव्याने उभ्या राहाल.

तरीही ते शहर पाहावे असे मनात असेल तर ते दाबून टाकू नका. तुमच्या पेशात फिरत्या परिचारिकांची तेरा आठवड्यांची कंत्राटे असतात. कॅलिफोर्नियाचा परवाना स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, कारण ते राज्य परिचारिकांच्या आंतरराज्यीय परवाना करारात नाही, आणि त्याला काही महिने लागू शकतात. तेव्हा अर्ज आताच करून ठेवा. मुलगी महाविद्यालयात गेली की एखाद्या उन्हाळ्यात असे एक कंत्राट घ्या, तेथे वर्ग करा, ऑडिशन द्या, आणि ते शहर तुमच्याशी कसे वागते ते पगार चालू असताना अनुभवा. तेरा आठवड्यांनंतर तुम्ही जो निर्णय घ्याल तो आजच्या निर्णयापेक्षा फार वेगळ्या माहितीवर उभा असेल.

त्या मॅनेजरबद्दल मला काळजी वाटते, म्हणून स्पष्टच लिहिते. मागणी आहे असे सांगणाऱ्याला नावे विचारा : तुमच्या वयोगटातील कोणत्या अभिनेत्रींचे काम तो सांभाळतो, त्यांना गेल्या वर्षी कोणत्या मालिकांत भूमिका मिळाल्या; आणि त्या भूमिका स्वतः पडद्यावर पाहून तपासा. प्रतिनिधित्व करणारी व्यक्ती मिळालेल्या मानधनातून आपला हिस्सा घेते. आधी पैसे मागत नाही. छायाचित्रे अमुक ठिकाणीच काढा, वर्ग अमुक ठिकाणीच करा, नोंदणीसाठी एवढे भरा, असे म्हटले की संभाषण तेथेच थांबवा. काम मिळवून देण्याच्या नावाखाली आगाऊ शुल्क घेण्याविरुद्ध कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये कायदा केला, तो अशा फसवणुकीच्या तक्रारी वाढल्यामुळेच. या माणसाचा हेतू शुद्धही असेल, पण शुद्ध हेतूच्या माणसाला हे प्रश्न खटकत नाहीत.

घरातल्या संवादाबद्दल तुम्ही थोडेच लिहिले आहे, तरी पतीच्या अर्धवट होकाराचा उल्लेख दोनदा आला आहे. जूस्टन यांना अभिनयाकडे वळताना घरात कोणाला विचारायचे नव्हते; ते स्वातंत्र्य एका मोडलेल्या संसारातून आले होते, हे विसरू नये. तुमची परिस्थिती वेगळी आहे आणि अनेक अंगांनी अधिक बळकट आहे. पतीला 'मी जाऊ का' असे विचारलेत तर ते होकार किंवा नकार देतील आणि दोन्ही तुम्हाला टोचेल. त्याऐवजी वर्षभराचा आराखडा त्यांच्यासमोर ठेवा : किती पाळ्या कमी होतील, पगारात किती घट येईल, अचानक ऑडिशन आली तर मुलाला कोण आणेल, वर्गांवर आणि छायाचित्रांवर किती खर्च करायचा. ज्यांच्या मनात अव्यक्त धास्ती आहे त्यांना आकडे दिसले की ते मोकळेपणाने बोलू लागतात. मुलीलाही या बोलण्यात बसवा, ती अकरावीत आहे, तिला सारे कळते. पुण्याच्या नातेवाइकांना उत्तर देणे मात्र मला आवश्यक वाटत नाही.

याच वाटेने जाऊ पाहणाऱ्या इतर वाचक भगिनींसाठी एक गोष्ट जोडते. पत्र लिहिणाऱ्या ताई अमेरिकी नागरिक आहेत. ज्या एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या जोडीदारासोबत, आहेत आणि ज्यांच्याकडे काम करण्याची स्वतंत्र परवानगी नाही, त्यांनी मानधनाची कोणतीही भूमिका, गर्दीतील एका दिवसाचीसुद्धा, स्वीकारू नये. वर्ग करायला आणि मंडळाच्या नाटकात हौसेने काम करायला सहसा अडचण येत नाही, पण शंका असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे. व्हिसाची वर्षे ही शिकण्याची वर्षे म्हणून वापरता येतात.

आणि ताई, तुमच्यापुरते शेवटचे काही. येत्या वर्षभरात परिचारिकेच्या भूमिकेची ऑडिशन आली तर ती नाकारू नका. संहितेतील दोन वाक्यांच्या आधी आणि नंतर ती स्त्री काय करत असेल ते स्वतःसाठी लिहून काढा, आणि सेल्फ-टेप पाठवण्याआधी ती अशा सहकारी परिचारिकेला दाखवा जिला तुमच्या अभिनयात रस नाही, पण काम ठाऊक आहे. त्याच वेळी शिकागोच्या इंग्रजी रंगभूमीवर, अगदी छोट्या नाट्यगृहांत का होईना, रुग्णालयाबाहेरची एखादी भूमिका मिळवण्याचा प्रयत्न करा. तेथे कास्टिंग करणारी माणसे नियमित नाटके पाहायला येतात, आणि तेथे तुम्ही न्यायाधीश, घरमालकीण किंवा कटकटी शेजारीण होऊ शकता. वर्ष संपल्यावर चित्रीकरणाचे दिवस, कॉलबॅक (ऑडिशननंतर पुन्हा आलेली बोलावणी) आणि घरखर्च यांची नोंद घेऊन पतीसोबत पुन्हा बसा, आणि लॉस एंजेलिसचा विषय तेव्हाच काढा.

तुमची,
सदरलेखिका